एक बोट कमी

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि ती मी कुणाला सांगत नाही. शाळेत फळ्याच्या वरच्या कडेला माझा हात नीट पुरत नाही, म्हणून मी सगळी गणितं फळ्याच्या मधून सुरू करतो. मुलांना वाटतं ती माझी पद्धत आहे. इथे मात्र उंचीचं सांगावं लागेल, कारण माझ्या मुलीवर जे ओढवलं त्याची सुरुवात या दोन-तीन इंचांतूनच झाली.

मी सौसरच्या सरकारी शाळेत गणित शिकवतो. शिकवतो हिंदीतून, रागावतो मराठीतून. रामाकोन्याकडे आमचा संत्र्याचा लहानसा बगिचा आहे. चांगला माल व्यापारी झाडावरच ठरवून ट्रकने घेऊन जातो. मागे उरतं ते बारीक फळ आणि डागी फळ. ते दर रविवारी मोटरसायकलवर कॅरेट बांधून पांढुर्ण्याला न्यायचं, हे आमच्या घरचं काम. कॅरेट म्हणजे प्लास्टिकची जाळीदार पेटी. दोन बाजूंना दोन बांधायच्या आणि सीटवर एकावर एक दोन. अशी चार कॅरेट बांधली की गाडी मागून इतकी बसते की प्रत्येक खड्ड्यात मडगार्ड चाकाला घासतं.

त्यावर आमच्या भागात एक ठरलेला उपाय आहे. संत्र्याच्या दिवसांत इथल्या कितीतरी मोटरसायकली मागून उंच होतात. मागच्या चाकावर जे दोन स्प्रिंगचे दांडे असतात, ज्यांना सगळे शॉकअप म्हणतात, ते काढून दुसऱ्या मोठ्या गाडीचे लांब शॉकअप बसवायचे. मग कितीही माल टाका, गाडी घासत नाही. चौकात अशी गाडी उभी असली की ती पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखी दिसते. पण कुणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण शेजाऱ्याची गाडीही तशीच असते.

मीही दोन इंच लांब शॉकअप बसवले. गाडी उंच झाली आणि माझे पाय जमिनीला पुरेनात. आमच्याकडे सिग्नल कमी, पण म्हशी खूप, आणि म्हैस आडवी आली की थांबावंच लागतं. दोनदा मी भर रस्त्यात गाडीसकट कलंडलो. दुसऱ्यांदा तर माझ्याच वर्गातल्या मुलींनी मला उठवलं. मग मी दुकानात गेलो आणि म्हणालो, आता पुढून खाली करा. पुढच्या चाकाला धरणारे दोन पाइप वर एका पट्टीत आवळलेले असतात. ती पट्टी ढिली करून पाइप वर सरकवले की गाडीचं तोंड तेवढं खाली बसतं. दुकानदार म्हणाला, "सर, समोरून नका छेडू, मागून उचलली आहे तं..." त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

"मागून दोन इंच वर, पुढून एक इंच खाली," मी म्हणालो, "साधी बेरीज-वजाबाकी आहे. गणित मी पाहतो, तुम्ही पाना चालवा."

त्याने पाना चालवला. माझे पाय जमिनीला टेकले. सगळा हंगाम मी त्या गाडीवर चार-चार कॅरेट नेली आणि एकदाही काही झालं नाही. मी जाताना भरलेला असायचो, आणि येताना रिकामा असलो तरी चाळीसच्या वर कधी चालवत नाही. घरच्यांनी यावरून माझी थट्टा केली आहे. पण या हळू चालवण्यामुळेच मला काही कळलं नाही, हे मला नंतर समजलं.

मुलगी माझी एकुलती एक. नर्सिंगचा कोर्स करून आली आणि तिला लोधीखेड्याच्या पुढे, आतल्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात नेमणूक मिळाली. पक्क्या रस्त्यावरून उतरून पुढे दहा-अकरा किलोमीटर. तिकडे बस जात नाही, ऑटोवाला पावसाळ्यात यायला नाही म्हणतो. शिवाय तिच्याकडे ते एक गाव नाही, आजूबाजूची पाच-सहा गावं. लसीचा डबा घेऊन फिरायचं, बाळंतिणी पाहायच्या. गाडी चालवता आली तर नोकरी, नाहीतर नाही, इतकं ते सरळ होतं. तिला गाडी येत होती. मीच शिकवली होती, शाळेच्या मैदानावर, आणि ती माझ्यापेक्षा लवकर शिकली होती. रुजू व्हायची शेवटची तारीख मंगळवार होती. त्याच्या आदल्या नव्हे, त्याहीआधीच्या रविवारी मला ताप होता, म्हणून कॅरेट घेऊन ती गेली.

दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच मला भीती वाटली. "बाबा, मी पडली नाई. मले काही लागलं नाई. गाडी रस्त्याच्या बाजूले उभी आहे. तुमी या."

मी शेजाऱ्याच्या गाडीवर बसून गेलो. पांढुर्णा-सौसर रस्त्यावर एका लहान पुलाच्या पुढे, जिथे रस्ता अगदी सरळ आहे, तिथे ती मातीत गाडी लावून उभी होती. रिकामी कॅरेट मागे बांधलेली. तिने सांगितलं की पुलाचा सांधा ओलांडला आणि हँडल हलायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की दोन्ही बाजूंना आपटायला लागलं, जणू कुणीतरी पुढून चाक धरून झटके देत होतं. समोरून ट्रक येत होता. ती कशीबशी रस्त्याच्या कडेला उतरली.

मी टायर पाहिले. हवा बरोबर होती. चाकाचे नट आवळलेले होते. मग मी तिला शेजाऱ्याच्या मागे बसवलं आणि आमची गाडी स्वतः चालवत घरी आणली. चाळीसच्या वेगाने. हँडल केसभरही हललं नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सिद्धता पूर्ण झाली होती. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा बदलला आणि दोष नाहीसा झाला. म्हणजे दोष चालवणाऱ्याचा. मी ते तसंच्या तसं बोलून दाखवलं. वर हेही म्हणालो की तुझ्या मनगटात जोर नाही, जोरात चालवायची हौस मात्र आहे, आणि अशा हातांनी त्या आडरानात रोज गाडी न्यायची असेल तर मी परवानगी देणार नाही. भीतीने माणूस असा बोलतो, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला तो नुसता राग वाटला होता, आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

तिने वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "मी जोरात नव्हती, बाबा. पासष्ट होता." मी गाडीची किल्ली कपाटात ठेवली. माझ्या बायकोने दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

बुधवारी मी शाळेतून सुट्टी काढून गाडी पांढुर्ण्याला नेली. तिथे गावाच्या टोकाला एक वयस्क मिस्त्री आहे. एक्सीडेंटच्या गाड्यांची वाकलेली पुढची बाजू सरळ करणं हेच त्याचं काम. माझा हेतू काही चांगला नव्हता. गाडीत काही खोट नाही, असं मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे घरात पुन्हा विषय निघाला नसता. निघताना बायकोने माझ्या खिशात एक घडी केलेला कागद कोंबला आणि म्हणाली, "हे पोरीनं लिहून ठेवलं आहे. मिस्त्रीले द्या. तुमी वाचू नका, तुमाले वाचून काही समजणार नाई."

मी अर्थातच वाटेत थांबून वाचला. पेशंटचा केसपेपर लिहावा तसं तिने लिहिलं होतं. वेग पासष्ट. रस्ता सरळ, कोरडा. मागे वजन नाही, चार रिकामी कॅरेट. सुरुवात पुलाच्या सांध्यावर. आधी सौम्य, तीन-चार सेकंदांत तीव्र. ब्रेक लावला नाही. रेस हळू कमी केली. अंग पुढे झुकवलं. हँडलची पकड सैल केली. चाळीसच्या खाली आल्यावर आपोआप बंद. शेवटी एक ओळ होती. चालवणाऱ्याला इजा नाही.

मिस्त्रीने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. माझ्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं अजून. "हे कोनं लिवलं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. "पकड सैल केली मनते," तो स्वतःशीच बोलला. "सर, असं हँडल आपटून राहिलं ना, का चांगला पैलवान गडी बी घाबरून घट्ट धरते आन् ब्रेक दाबते. मंग गाडी माह्याकडे येते, अन् तो दवाखान्यात जाते. तुमच्या पोट्टीनं गाडी वाचवली."

मी म्हणालो, आधी गाडी तर पाहा. तो मागे गेला, शॉकअप पाहिले. पुढे आला, वर सरकवलेले पाइप पाहिले, आणि माझ्या पायांकडे पाहिलं. त्या नजरेने माझे कान तापले.

मग त्याने जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्याच्याकडे आमच्यासारखीच एक गाडी आली होती, कंपनीतून निघाली तशीच, काही न बदललेली. ती त्याने सिमेंटच्या फरशीवर आणली आणि मला सरळ उभी धरायला लावली. एक लांब सरळ बांबूची काठी घेतली. हँडल ज्या दांड्याभोवती वळतं, तो दांडा तिरका असतो. त्याच्या तिरकेपणाला जुळवून त्याने काठी गाडीच्या बाजूला धरली आणि ती खाली जिथे फरशीला टेकली तिथे खडूने खूण केली. मग सुताला बांधलेला ओळंबा काढला, गवंडी भिंत सरळ आहे का पाहतो तो, आणि चाकाच्या मधल्या नटासमोर धरून खाली सोडला. ओळंबा जिथे थांबला तिथे दुसरी खूण. दुसरी खूण पहिलीच्या मागे होती. त्याने दोन खुणांच्या मध्ये हात ठेवला. पाच बोटं बरोबर बसली.

"हे पाहा सर. हँडलची रेघ इथं समोर पडते. चाक जमिनीले मागं टेकते. चाक त्या रेघीच्या मागं मागं चालते. म्हणून सरळ रायते. कोनी त्याले सरळ ठेवत नाई, तेच सरळ रायते."

मी म्हणालो, "म्हणजे?"

त्याने दुकानातली चाकवाली खुर्ची लाथेने ढकलली. खुर्चीची चारही चाकं गर्रकन फिरली आणि आपापल्या दांड्याच्या मागे जाऊन गप सरळ झाली. उलटी ढकलली, पुन्हा फिरून मागे. "हे तेच," तो म्हणाला.

मग आमची गाडी. तीच काठी, तोच ओळंबा, तोच खडू. मी गाडी धरून वरून वाकून पाहत होतो. मागून उचलल्यामुळे आणि पुढून दाबल्यामुळे तो दांडा जरासा उभा झाला होता, आणि त्यामुळे पहिली खूण मागे सरकली होती. मिस्त्रीने हात ठेवला. चार बोटं बसली आणि चौथंही जरा दाबूनच.

एक बोट कमी. एवढंच.

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं, पण खरं सांगायचं तर लाज मागून आली. आधी आलं ते आश्चर्य. सव्वीस वर्षं मी फळ्यावर वर्तुळ काढतो. त्याला खालून टेकणारी रेषा काढतो, मधून जाणारी तिरकी रेषा काढतो, आणि ती दुसऱ्या रेषेला कुठे छेदते ते मुलांकडून मोजून घेतो. मुलं विचारतात, सर, हे कशाला कामात येतं? मी म्हणतो, परीक्षेत. आणि इथे सिमेंटच्या फरशीवर तीच आकृती होती. तिच्या दोन बिंदूंमध्ये जे अंतर होतं त्यावर माझी मुलगी पासष्टच्या वेगाने बसली होती. मी ती गाडी अजून हातात धरून उभा होतो. रस्त्यावरून रोज इतक्या गाड्या जातात, लेकराबाळांना घेऊन, मंगळवार-शनिवारी जामसावळीला दर्शनाला जाणाऱ्यांची तर रीघ असते, आणि त्या प्रत्येक गाडीच्या पुढे जमिनीवर एक न दिसणारा बिंदू धावत असतो आणि चाक त्याच्या मागे मुकाट चालत असतं. कुणाला त्याची खबर नाही. मी तर मास्तर असून मलाही नव्हती.

"मग मी चालवली तेव्हा काहून नाही झालं?" मी विचारलं. घाईत मीही त्याच्याच बोलीत बोललो.

"माल भरला का मागून गाडी बसते. मंग दांडा परत तिरपा होते, बोट वापस येते. तेव्हा समोरचं चाक हलकं होते, तो निराळा तरास, पन हे नाई होत. रिकामी गाडी घेऊन तुमी चाळीसनं जाता. चाळीसले ते झोपून रायते. साठच्या वर गेलं अन् एखादा झटका बसला का जागं होते." त्याने कागदाकडे बोट केलं. "पोट्टीनं सगळं लिवलं तं आहे. मागं वजन नाई मनून बी लिवलं."

माझी सिद्धता अशी मोडली. गाडी तीच होती, रस्ता तोच होता. वेग मी धरलाच नव्हता. वर्गातल्या एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

त्याने मूळ मापाचे शॉकअप मागवून बसवले, पुढचे पाइप खाली आणून कंपनीच्या खुणेवर आवळले, हँडलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या बदलल्या. पुन्हा काठी, पुन्हा ओळंबा. पाच बोटं. "आता कॅरेट कसे नेऊ?" मी विचारलं. "दोन न्या," तो म्हणाला, "दोन चक्कर मारा." आणि पायांचं मी विचारलंच नाही. मुळात गाडीवरून माझे पाय जमिनीला टेकत होते. मीच ती उंच केली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शिपायाची सायकल घेऊन मैदानावर गेलो. सायकलवर कुणी नाही, मी ती पळत पळत ढकलली आणि सोडून दिली. सायकल एकटी निघाली. थोडी डावीकडे कलली. मी म्हटलं, पडली. पण पुढचं चाक आपणहून डावीकडे वळलं आणि सायकल उभी झाली. उजवीकडे कलली, चाक उजवीकडे वळलं, पुन्हा उभी. वेग संपेपर्यंत ती अशी गेली, आणि वेग संपला तेव्हाच पडली. मी पुन्हा ढकलली. पुन्हा. मुलं हसायला लागली, प्राचार्य मॅडम व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या, शिपाई काळजीने त्याच्या सायकलकडे बघत होता. मला कशाचंच भान नव्हतं. लोखंडाला रस्ता सापडतो, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. मिस्त्री म्हणाला होता की एकट्या सायकलच्या सावरण्यात आणखीही पुष्कळ गोष्टी असतात आणि त्या त्यालाही पुऱ्या कळलेल्या नाहीत. ते ऐकून तर मला अजूनच बरं वाटलं.

घरी मात्र मी शूर नव्हतो. बुधवारी परत आल्यावर एवढंच म्हणालो, "गाडीत थोडा फॉल्ट निघाला. दुरुस्त झाला." फॉल्ट निघाला. जसा काही तो स्वतःच येऊन बसला होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पोळी लाटत राहिली. मी कपाटातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मुलीने ती उचलली नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ती उपकेंद्राचे कागद काढून बघायची आणि परत ठेवायची. माझ्या बोलण्याने तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला होता, आणि तो मिस्त्रीला दुरुस्त करता येण्यासारखा नव्हता. शेवटी रविवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या सकाळी त्याच रस्त्याले जाऊन पाहतो. तुमी मागं बसा."

मंगळवारी ती रुजू झाली, हे आधीच सांगून टाकतो. आज ती त्या पाच-सहा गावांत त्याच गाडीने फिरते. पण सोमवार सकाळचं सांगायचं राहिलं आहे.

ती चालवत होती, मी मागे. हेल्मेट दोघांनाही. आधी सावकाश पांढुर्ण्याकडे जाऊन आम्ही परत फिरलो, कारण त्या दिवशी ती तिकडूनच येत होती. जामसावळीचा फाटा मागे पडला, रस्ता मोकळा झाला. मी तिच्या खांद्यावरून काट्याकडे पाहत होतो. पन्नास. साठ. पासष्ट. पूल दिसला. मला वाटलं आता ती हळू करेल. तिने हळू केली नाही. सांध्यावर गाडी दणकली, हँडल एकदा, फक्त एकदा, जरासं हललं आणि आपलं आपण सरळ झालं. तिचे हात मी पाहत होतो. तिने हँडल धरलं होतं, पण आवळलं नव्हतं. बोटं मोकळी होती. मी देवळात जातो, हात जोडतो, पण तसं भरून मला देवळातही क्वचितच आलं आहे.

पुलाच्या पुढे, त्याच मातीत, तिने गाडी थांबवली. दोघंही उतरलो. मी विचारलं, "पकड सैल करायची, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं."

"कोनी नाई." तिने हेल्मेट काढलं. "ट्रेनिंगले मॅडम सांगत, आत्ता झालेलं लेकरू ओलं रायते. घट्ट धरलं का हातातून निसटते. हाताले त्याचं वजन समजू द्यायचं, मंग ते रायते. हँडल तसंच निसटून राहिलं होतं. मी हात तसे केले."

याच हातांना मी जोर नाही म्हणालो होतो. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात तिने विचारलं, "बाबा, मागचे शॉकअप उंच करायले कोनं सांगतलं होतं?"

"मी."

"अन् समोरून खाली?"

"तेही मीच. पाय पुरत नव्हते." मग जे बुधवारीच बोलायला हवं होतं ते बोललो. "दुकानदार नको म्हणत होता. मी त्याला बोलू दिलं नाही. तुझी काही चूक नव्हती."

मला वाटलं ती हसेल, किंवा चिडेल. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती पुलाकडे पाहत होती.

"मी त्या दिवशी ट्रकखाली गेली असती ना बाबा, तं हे कोनालेच समजलं नसतं," ती म्हणाली. "सगळे म्हनले असते, पोट्टीले गाडी झेपली नाई. कोनी काठी घेऊन मोजाले आलं नसतं."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तिचं बरोबर होतं. आणि ते सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं असतं. लोक भेटायला आले असते आणि मी ओसरीत बसून प्रत्येकाला सांगितलं असतं की तिला किती वेळा म्हटलं होतं, जोरात चालवू नकोस. ते मी मरेपर्यंत सांगितलं असतं आणि मला ते खरं वाटलं असतं.